फॉर्ममधल्या कुठल्या चुकीवर अडवायचं आणि कुठल्या चुकीवर फक्त सांगायचं? सॉफ्टवेअर हे कसं ठरवतं?

समजा, रत्नागिरी जिल्ह्यातला एक आंबा बागायतदार मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये आपल्या बागेची नोंद करतोय. सगळी माहिती भरून झाली, फोटो काढला, ‘सबमिट’ दाबलं आणि स्क्रीनवर एकदम चार संदेश आले.

- मोबाइल नंबर नऊच आकडी आहे.
- तुम्ही निवडलेल्या गटापासून लांब उभे आहात.
- आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव तंतोतंत जुळत नाही.
- क्षेत्राच्या मानाने झाडांची संख्या जास्त वाटते.

चारही संदेश लाल रंगात आणि एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत. आता यातलं काय दुरुस्त केल्याशिवाय नोंद पुढे जाणार नाही? कशाकडे नुसतं लक्ष दिलं तरी चालेल? आणि हे चार संदेश मिळून ॲपने शेवटी काय ठरवायचं, नोंद घ्यायची की परत पाठवायची?

सरकारी पोर्टलपासून बँकेच्या ॲपपर्यंत जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरला हा प्रश्न सोडवावा लागतो. त्याचं उत्तर चुकलं, तर एखाद्याचा बरोबर अर्ज अडकतो किंवा चुकीची नोंद बिनबोभाट सरकारी दप्तरात जाते.

व्हॅलिडेशन म्हणजे नेमकं काय?

आपण भरलेली माहिती नियमांत बसते का, हे सॉफ्टवेअरने तपासणं म्हणजे व्हॅलिडेशन, मराठीत पडताळणी. मात्र या तपासण्या एकाच जातीच्या नसतात.

काही तपासण्यांचं उत्तर निर्विवाद असतं. आधार क्रमांक १२ आकडी असतो आणि त्यातला शेवटचा आकडा आधीच्या ११ आकड्यांवरून ‘व्हरहोफ’ नावाच्या गणिती पद्धतीने काढलेला असतो. टाइप करताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर हा हिशोब जुळत नाही. बँकेचा आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर शून्यच असतं. तिथे इंग्रजी ‘ओ’ टाइप केला, तर तो कोड चूकच. यात ‘कदाचित’ला जागा नाही.

काही तपासण्या मात्र अंदाजाच्या असतात. हापूसची कलमं पारंपरिक पद्धतीने १० बाय १० मीटरवर लावली, तर एका हेक्टरात १०० झाडं बसतात. कुणी एका हेक्टरसाठी ४०० लिहिलं, तर सॉफ्टवेअरला ते विचित्र वाटेल. पण ५ बाय ५ मीटरवर घन लागवड केलेली असेल, तर ४०० हा आकडा अगदी बरोबर आहे. कुणी ४०,००० लिहिले असतील, तर बहुधा शून्यं जास्त पडली आहेत.

म्हणजे आयएफएससीची चूक ही ‘चूक’ आहे आणि ४०० झाडांची गोष्ट ही ‘शंका’ आहे. दोघांना एकच वागणूक दिली, की गोंधळ सुरू होतो. हा फरक दाखवण्यासाठी प्रत्येक संदेशाला एक गंभीरतेची पातळी दिली जाते. सॉफ्टवेअरच्या भाषेत तिला ‘सिव्हिरिटी लेव्हल’ म्हणतात.

पातळ्या कोणत्या असतात?

नावं बदलतात, पण बहुतेक ठिकाणी तीन-चार पायऱ्या दिसतात.

- माहिती: फक्त सांगायचं आहे, काही करायची गरज नाही. उदाहरणार्थ, ‘तुमचा पत्ता मागच्या अर्जावरून घेतला आहे.’
- इशारा, म्हणजे वॉर्निंग: काहीतरी खटकतंय, एकदा बघून घ्या. बरोबर असेल तर पुढे जा.
- चूक, म्हणजे एरर: हे दुरुस्त केल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही.
- घातक, म्हणजे फेटल: पुढची तपासणीच करता येत नाही. उदाहरणार्थ, पाठवलेली फाइल उघडतच नाही.

आरोग्य क्षेत्रात रुग्णांची माहिती एका संगणकातून दुसऱ्या संगणकात पाठवण्यासाठी ‘फायर’ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक वापरतात. भारताच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्येही ते वापरलं जातं. त्यात या चारही पातळ्या आहेत आणि त्यांच्या व्याख्या ‘काम झालं की नाही’ यावर बेतलेल्या आहेत. एरर असेल तर काम होत नाही. वॉर्निंग असेल तर काम होतं, पण त्यात कमतरता राहू शकते.

पातळी म्हणजे चूक किती वाईट आहे याचे गुण नव्हेत. पुढे काय करायचं, याची ती सूचना असते.

कोकणातल्या माणसाला ही कल्पना नवी नाही. हवामान विभागाचे हिरवा, पिवळा, नारंगी आणि लाल हे चार रंग पावसाळ्यात रोज कानावर पडतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण पाण्याखाली गेलं, त्यानंतर तर या रंगांचा अर्थ जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इथेही रंग सांगतो तो ‘आता काय करायचं’ हेच.

ई-पीक पाहणीतलं ‘तुम्ही लांब आहात’

याचं महाराष्ट्रातलं जिवंत उदाहरण म्हणजे ई-पीक पाहणी. पूर्वी गाव नमुना बारामधला पीकपेरा तलाठी लिहायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच मोबाइल ॲपवरून पिकाची माहिती आणि फोटो पाठवायची पद्धत राज्यभर सुरू झाली. टाटा ट्रस्टच्या मदतीने हे ॲप तयार झालं होतं.

१ ऑगस्ट २०२२ पासून त्याची दुसरी आवृत्ती आली. त्यात प्रत्येक गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश घातले होते. फोटो काढताना शेतकरी निवडलेल्या गटापासून दूर असेल, तर ॲप तसा संदेश दाखवायचं. शेतकऱ्याने स्वतः केलेली नोंद स्वयंप्रमाणित मानायची, त्यातल्या १० टक्के नोंदी तलाठ्यांनी तपासायच्या आणि नोंद चुकली तर ४८ तासांत एकदा दुरुस्त करता येईल, अशी रचना होती.

गंभीरतेच्या भाषेत बघितलं, तर अंतराचा हा संदेश म्हणजे इशारा होता. ‘लांब दिसताय’ एवढं सांगायचं आणि खरं-खोटं नंतरच्या तपासणीवर सोडायचं.

तिथे थेट ‘चूक’ ही पातळी लावली असती, तर काय झालं असतं? मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलचं जीपीएस साधारण ५ मीटरच्या आसपास अचूक असतं. दाट झाडीत किंवा डोंगराच्या कुशीत हा फरक वाढतो. शिवाय अंतर मोजलं जातं ते मध्यबिंदूपासून. कोकणात उतारावरच्या जमिनी लांबट, चिंचोळ्या पट्ट्यांच्या असतात. ३०० मीटर लांबीच्या पट्टीच्या टोकाला उभा असलेला शेतकरी स्वतःच्याच जमिनीत असतो, पण मध्यबिंदूपासून १५० मीटर लांब असतो. तिथे कडक अडवणूक केली, तर खरा माणूस अडकतो.

उलट बाजूही आहे. नुसता इशारा असेल, तर घरबसल्या कुठल्याही झाडाचा फोटो पाठवणाऱ्यालाही रस्ता मोकळा राहतो. त्यानंतर आलेल्या डिजिटल क्रॉप सर्व्हेच्या ॲपमध्ये गटाजवळ जाऊनच फोटो घेण्याची अट कडक झाली. तपासणी अंतराचीच राहिली, तिची पातळी मात्र वर गेली.

हा फरक कागदापुरता नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली, मंडणगड भागातल्या आंबा, नारळ, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. झाड पडल्यावर त्याचा उभा फोटो काढता येत नाही. कर्ज, पीक विमा किंवा नुकसानभरपाई मागताना आधीची नोंद हाताशी असणं कामी येतं. ती नोंद एखाद्या शंकेपायी अडकून राहिली असेल, तर त्याची किंमत ॲप बनवणारा मोजत नाही, बागायतदार मोजतो.

अनेक संदेश एकत्र कसे करायचे?

एका अर्जात अनेक तपासण्या होतात आणि प्रत्येकीचा वेगळा निकाल येतो. त्यांचा मिळून एक निकाल काढायचा, तर सॉफ्टवेअरमध्ये साधारण पुढचे नियम पाळले जातात.

१. सगळ्यांत गंभीर संदेशाची पातळी ती पूर्ण अर्जाची पातळी. तीन इशारे आणि एक चूक असेल, तर एकूण निकाल ‘चूक’. सगळे इशारेच असतील, तर निकाल ‘इशारा’.

या नियमाचा मोठा फायदा म्हणजे क्रम बदलला तरी निकाल बदलत नाही. आधी बँक खातं तपासलं काय किंवा आधी फोटो तपासला काय, उत्तर तेच. अर्ज तीन पानांचा असेल, तर प्रत्येक पानाचा निकाल वेगळा काढून मग तिन्ही निकाल एकत्र केले तरी उत्तर तेच येतं. आजकाल काही तपासण्या मोबाइलवर होतात, काही सर्व्हरवर, आणि कुणाचं उत्तर आधी येईल ते नेटवर्कवर अवलंबून असतं. म्हणून हा गुण फार महत्त्वाचा.

२. पातळ्यांची बेरीज करायची नाही. पाच इशारे म्हणजे एक चूक, असं आपोआप होत नाही. नावात एक वेलांटी वेगळी आहे, झाडं जास्त वाटतात, पत्ता जुना आहे, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून अर्ज खोटा ठरत नाही. काही शंका एकत्र आल्या तर खरोखरच धोका असेल, तर त्यासाठी वेगळा, उघड लिहिलेला नियम हवा. तो बेरजेच्या आड लपवू नये.

३. एकूण निकाल एक असला तरी प्रत्येक संदेश स्वतःची पातळी राखतो. ही चूक फार ठिकाणी होते. एकूण निकाल लाल आला, की सगळेच संदेश लाल रंगवले जातात. सुरुवातीच्या उदाहरणात नेमकं हेच झालं होतं. खरी चूक एकच होती, नऊ आकडी मोबाइल नंबर. बाकी तिन्ही शंका होत्या. पण सगळं लाल दिसल्यावर माणूस आधी घाबरून नाव बदलायला धावतो आणि नंबर तसाच राहतो.

४. पहिल्या चुकीवर थांबायचं नाही. एक चूक दाखवली, दुरुस्त केली, मग दुसरी दाखवली, असं करणारे फॉर्म सगळ्यांनी पाहिलेत. त्याऐवजी सगळ्या तपासण्या एकाच वेळी करून पूर्ण यादी द्यावी. अपवाद ‘घातक’ पातळीचा. फाइलच उघडत नसेल, तर आतलं काय तपासणार?

५. ‘तपासलं नाही’ म्हणजे ‘ठीक आहे’ नव्हे. संदेशांची यादी रिकामी असेल, तर निकाल ‘ठीक’ धरला जातो. पण बँकेचा सर्व्हर बंद असल्याने खातं तपासलंच गेलं नसेल, तरीही यादी रिकामीच दिसते. अशा वेळी हिरवी खूण दाखवणं म्हणजे दिशाभूल. ‘ही तपासणी बाकी आहे’ असा स्वतंत्र संदेश यादीत यायला हवा.

वेगवेगळी सॉफ्टवेअर हे कसं करतात?

‘एक्लिप्स’ हे प्रोग्रामरांचं जुनं, प्रसिद्ध साधन आहे. त्यात अनेक निकाल एकत्र ठेवायला ‘मल्टीस्टेटस’ नावाची सोय आहे. ठीकसाठी ०, माहितीसाठी १, इशाऱ्यासाठी २, चुकीसाठी ४ आणि ‘रद्द केलं’ यासाठी ८ असे आकडे आहेत. नवा निकाल आत टाकला, की एकूण पातळी त्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्याची होते. आतले सगळे निकाल मात्र जसेच्या तसे राहतात.

गंमत म्हणजे इथे ‘रद्द केलं’चा आकडा ‘चूक’पेक्षा मोठा आहे. म्हणजे एक काम चुकलं आणि दुसरं वापरणाऱ्याने रद्द केलं, तर एकूण निकाल ‘रद्द’ असा दिसतो. आतली यादी उघडल्याशिवाय चूक झाल्याचं कळत नाही. नुसता एकूण निकाल वाचून का भागत नाही, ते यावरून समजतं.

आकड्यांचा आणखी एक सापळा आहे. सर्व्हरच्या नोंदींसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘सिसलॉग’ मानकात ० म्हणजे सर्वांत गंभीर आणीबाणी आणि ७ म्हणजे किरकोळ तांत्रिक तपशील. ‘पायथन’ या प्रोग्रामिंग भाषेत उलट आहे. तिथे १० म्हणजे तांत्रिक तपशील आणि ५० म्हणजे सर्वांत गंभीर. दोन्हीकडचे संदेश एकत्र करताना ‘मोठा आकडा म्हणजे गंभीर’ असं धरलं, तर सिसलॉगमधली आणीबाणी सगळ्यांत खाली जाऊन बसेल. म्हणून आधी दोन्हीकडच्या पातळ्यांचं एका सामाईक यादीत भाषांतर करावं लागतं.

‘शॅकल’ हे माहितीचा साचा तपासण्याचं मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जुलै २०१७ मध्ये मंजूर केलं. त्यात माहिती, इशारा आणि उल्लंघन अशा तीन पातळ्या आहेत. पण ‘माहिती नियमांत बसते का’ या प्रश्नाचं उत्तर देताना पातळी बघितलीच जात नाही. एकही संदेश निघाला, अगदी साधा ‘माहिती’ पातळीचा असला तरी, उत्तर ‘नाही’ येतं. पुढे अडवायचं की सोडायचं, ते ज्याचं त्याने पातळी बघून ठरवायचं.

‘जीसीसी’ या कंपायलरमध्ये तर सगळे इशारे चुका समजायचे, असा पर्यायच आहे. प्रोग्रामर स्वतः प्रयोग करत असतो तेव्हा इशारे चालतात. तोच प्रोग्राम लोकांच्या हाती द्यायची वेळ आली, की काही टीम हा पर्याय सुरू करून एकही इशारा शिल्लक ठेवत नाहीत.

फॉर्मच्या बाबतीतही हेच करता येतं. अर्ध्यावर ‘सेव्ह’ करताना रिकामी जागा हा इशारा असू शकतो आणि शेवटी ‘सबमिट’ करताना तीच रिकामी जागा चूक ठरते.

मग पातळी ठरवायची कशी?

पुढचे तीन प्रश्न विचारले, तर बरंच स्पष्ट होतं.

- सॉफ्टवेअरला किती खात्री आहे? आयएफएससीच्या पाचव्या अक्षराबद्दल पूर्ण खात्री असते. नावाच्या स्पेलिंगबद्दल नसते. देवनागरीतलं एकच नाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिलं जातं, आधारवर एक आणि बँकेत दुसरं. त्यामुळे नाव तंतोतंत जुळत नाही म्हणून थेट अडवणं धोक्याचं.
- चुकीची माहिती आत गेली, तर नुकसान किती आणि ते नंतर दुरुस्त होईल का? पैसे चुकीच्या खात्यात गेले, तर परत मिळवणं कठीण. पत्त्यातला पिन कोड नंतर बदलता येतो.
- बरोबर माणूस अडला, तर त्याच्यापुढे दुसरा रस्ता आहे का? मुदत संपायला एक दिवस उरलाय, तालुक्याचं ठिकाण लांब आहे आणि ॲप पुढे जाऊ देत नाही, अशा वेळी अडवणूक म्हणजे थेट नकारच.

इशारे स्वस्त आहेत म्हणून त्यांचा पाऊसही पाडता येत नाही. प्रत्येक पानावर पाच-पाच इशारे येऊ लागले, की माणूस न वाचता ‘ओके’ दाबत सुटतो. मग खरोखर महत्त्वाचा इशाराही त्यात वाहून जातो. शिवाय इशारा देऊन सोडलेल्या नोंदी नंतर कुणीतरी तपासायला हव्यात. ई-पीक पाहणीतली १० टक्के तपासणी त्यासाठीच होती. वापरणाऱ्याने इशारा वाचून ‘हो, हे बरोबर आहे’ म्हटलं, याची नोंदही अर्जासोबत राहायला हवी, म्हणजे पुढच्या टेबलावरचा कर्मचारी तोच प्रश्न पुन्हा विचारणार नाही.

तुमच्या स्क्रीनवर असे संदेश आले तर?

- आधी पूर्ण यादी वाचा आणि तिचा स्क्रीनशॉट ठेवा. पान पुन्हा लोड झालं की यादी जाऊ शकते.
- ‘पुढे जा’ किंवा ‘खात्री करा’ असं बटण असेल, तर तो बहुधा इशारा आहे. माहिती बरोबर असेल तर इशाऱ्याला घाबरून ती बदलू नका.
- पुढे जायचं बटणच चालत नसेल, तर आधी आकड्यांच्या जागा तपासा. मोबाइल नंबर, आधार, आयएफएससी, पिन कोड आणि तारीख यांत चूक सापडण्याची शक्यता जास्त असते.
- काही सेवा बंद असल्याचा संदेश असेल, तर तुमची माहिती चुकली असं समजू नका. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.
- अर्ज ‘इशाऱ्यासह’ स्वीकारला गेला असेल, तर पोचपावती जपून ठेवा आणि अर्जाची स्थिती मधूनमधून बघत राहा.

थोडक्यात

अनेक चुका एकत्र करताना एकूण निकाल सगळ्यांत गंभीर चुकीवर ठरतो, पण प्रत्येक संदेश स्वतःची पातळी आणि जागा राखतो. शंका म्हणजे चूक नव्हे आणि न झालेली तपासणी म्हणजे पास नव्हे. सुरुवातीच्या बागायतदाराला ॲपने एवढंच सांगायला हवं होतं: ‘मोबाइल नंबर दुरुस्त करा. बाकी तीन गोष्टी एकदा बघून घ्या आणि बरोबर असतील तर पुढे जा.’